डोंगरावरची डोली

एका डोंगरावर एक विद्यापीठ होते. वर जायला दगडी पायऱ्या होत्या. पायथ्याच्या गावात सगुणा नावाची कुंभाराची मुलगी राहत असे. तिचे दोन्ही पाय लहानपणीच लुळे पडले होते, पण गणितात तिचा हात धरणारे कोणी नव्हते. तळहातांना चिंध्या बांधून, बसत बसत ती एकेक पायरी चढे. वर पोहोचेपर्यंत पहिला पाठ संपलेला असे.

हे राजाच्या कानावर गेले. त्याने एक डोली आणि चार भोई पाठवले. व्यवस्था धुंडिराज नावाच्या कारभाऱ्याकडे दिली. धुंडिराज माणूस सरळ होता. पण धडधाकट पोरेही डोलीत बसतील, ही त्याला धास्ती. म्हणून त्याने नियम केला: डोली ज्याला हवी, त्याने रोज सकाळी स्वतः कचेरीत येऊन मागावी.

कचेरी डोंगरावर होती.

पहिल्याच दिवशी सगुणा धापा टाकत तिथे पोहोचली. म्हणाली, "काका, डोली हवी होती."

"अगं, आलीस की वर! आता डोली कशाला?"

"मग उद्यासाठी लिहून ठेवा."

"उद्याचं उद्या येऊन सांग."

असे वर्ष गेले. परीक्षेचा दिवस उजाडला. तिसऱ्या घंटेपर्यंत जो हजेरी देणार नाही, त्याचे नाव कायमचे कमी होई. त्या दिवशी राजा मागच्या घोडवाटेने वर आला. धुंडिराजने त्याला डोली दाखवली.

"बघा महाराज, एक ओरखडा नाही!"

पहिली घंटा झाली. राजाने खाली पाहिले. पायऱ्यांवरून कोणीतरी हातांवर सरकत येत होते.

"ती कोण?"

"ती सगुणा. डोली मागायला येते आहे."

"रोज येते?"

"रोज. पण वर आली की तिला डोलीची गरजच उरत नाही, महाराज."

राजाने भोयांना हाताने खूण केली. ते डोली उचलून धावत उतरले. दुसरी घंटा झाली. "बस पोरी," एक भोई म्हणाला, "वर्षभर बसून आमचे खांदे आखडले." तिसऱ्या घंटेचा नाद विरायच्या आत सगुणा म्हणाली, "हजर!"

रोज डोळ्यांसमोर असलेल्या गोष्टीवर पहिला प्रश्न विचारायची तिथे रीत होती. आचार्यांनी विचारले, "आपल्या डोंगराला पायऱ्या किती?"

दोन-दोन पायऱ्या ओलांडत येणाऱ्या मुलांनी त्या कधी मोजल्या नव्हत्या.

"दोनशे बारा," सगुणा म्हणाली. "एकशे सत्तरावी फुटकी आहे. तिथे हात कापतो."

धुंडिराजने तिच्या हातांकडे पहिल्यांदाच पाहिले.

दुसऱ्या दिवशी पहाटे डोली पायथ्याशी उभी होती. शेजारी धुंडिराजचे मेज होते. ते त्याने स्वतः उचलून खाली आणले होते. नियमाचा कागद मात्र त्याने वरच ठेवला.

तात्पर्य: जी मदत मिळवायला आधी धडधाकट असावे लागते, ती मदत नव्हे. मदतीने गरजवंताच्या दाराशी जावे.