वस्तादांना मातीत बसवताना

“वस्ताद, हो म्हणा न्हाईतर न्हाई म्हणा. पण आज सांगा. उतरू का मी जत्रंत?”

दस्तगीर वस्ताद तालमीच्या कट्ट्यावर बसून बदाम घोटत होते. कुंडी मांडीत धरलेली, दांडका गोल फिरत होता. त्यांनी मान वर केली नाही.

विचारणारा सुकुमार चौगुले. वय तेवीस. अंगानं असा, की तालमीच्या दारात उभा राहिला तर आत अंधार पडायचा. आई-बापानं नाव मात्र सुकुमार ठेवलेलं. त्याला काय करणार.

चार महिन्यांमागं एका मैदानात त्याचा उजवा गुडघा पिरगळला. कुस्ती त्यानं मारली, पण खांद्यावर मिरवत आणायच्या जागी बाजल्यावर घालून घरी आणावा लागला. आणि आता गावची जत्रा वीस दिवसांवर आली होती. शेवटच्या कुस्तीला त्याचं नाव हँडबिलात छापलं होतं, फोटोसकट. तेच हँडबिल चौघडी करून त्याच्या खिशात होतं.

“बस,” वस्ताद म्हणाले.

“बसायला न्हाई आलो.”

“उभ्या माणसाशी बोलताना माझी मान दुखती. बस.”

सुकुमार कट्ट्याच्या कडेला टेकला. डावा पाय दुमडून घेतला. उजवा सरळ पुढं, काठी ठेवल्यासारखा.

वस्तादांनी बघितलं.

“मिरजेचा डॉक्टर काय म्हणाला?”

“म्हणाला, आत तुटलंबिटलं न्हाई, ताणलंय. चिरायचं काम न्हाई. पण निजून राहू नगो आणि उड्याबी मारू नगो. रोज थोडं थोडं कर.”

“मग?”

“थोडं म्हंजे किती, ते सांगितलं न्हाई त्यानं.”

वस्ताद मिशीत हसले. “तू किती केलंस?”

“पैले दोन म्हैने निजलोच.”

“आणि मग?”

“बैठका मारल्या.”

“किती?”

“पाचशे.”

“एकदम?”

“एकदम.”

“आणि दुसऱ्या दिशी?”

सुकुमार आढ्याकडं बघायला लागला. आढ्याला चढायचा दोर लोंबत होता.

“दुसऱ्या दिशी... उठलो न्हाई.”

“किती दिस उठला न्हाईस?”

“दहा.”

“दहा दिसांनी?”

“...परत पाचशे.”

दांडका थांबला.

“पोरा, तू गुडघा बरा करायलायस का त्याच्यासंगं कुस्ती धरलीयास?”

सुकुमारच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्याचं तरी काय चुकलं म्हणा. तालमीत वाढलेल्या माणसाला एकच रीत ठाऊक असते. समोरचं उलटलं की दाबायचं, आणखी उलटलं की आणखी दाबायचं. गुडघाही समोरचाच वाटला त्याला.

वस्तादांनी कुंडी बाजूला ठेवली. पंच्याला हात पुसले. मग त्याच्या डाव्या गुडघ्याकडं बोट केलं. त्याला जाड पट्टा आवळला होता.

“दुखतोय उजवा. पट्टा डाव्याला कसा?”

हे मात्र सुकुमारनं छाती काढून सांगितलं. “डाव हाय, वस्ताद. समोरचा पट्टा बघतोय आणि त्योच पाय धरायला येतोय. आजारी पाय आपसूक वाचतोय. जत्रंत आयत्या वेळंला बांधून जमंल का? म्हणून आत्तापासनंच सवय लावली. गावात कुणालाच ठाऊक न्हाई खरा पाय कुठला त्यो.”

“समोरच्याला फसवलंस.”

“व्हय.”

“गावाला फसवलंस.”

“व्हय की.”

“आणि पायरी उतरताना?”

सुकुमारचा हात आपसूक उजव्या गुडघ्यावर गेला.

वस्ताद हळूच पुढं सरकले. त्यांनी तो पट्टा सोडला. आतल्या कातडीवर वळ उठले होते. त्या चांगल्या, न दुखणाऱ्या गुडघ्यावर त्यांनी तळवा ठेवला आणि तसाच ठेवला. ताप बघायला आई कपाळावर हात ठेवते, तसा.

“ह्योबी गरम लागतोय की रं...”

“त्याला काय न्हाई झालेलं.”

“दोन म्हैने भावाला खांद्यावर घिऊन चालतोय त्यो. वर तू त्याचा गळा आवळलास.”

बाहेर कुठंतरी कडबा कापायचं यंत्र चालू झालं आणि बंद पडलं.

सुकुमारनं घसा खाकरला. आता जे बोलला ते छाती काढून नव्हे.

“वस्ताद, चक्कीवर दळप घिऊन गेलो तर लोक इचारत्यात, पैलवान, कवा? दाढीला बसलो तर इचारत्यात. बस्तीत देवाच्या दर्शनाला गेलो तर उपाध्ये गंध लावता लावता इचारत्यात, कवा? औंदा उतरलो न्हाई, तर म्होरच्या साली कोण इचारणार न्हाई. मला दुसरं काय येतंय सांगा? सातवीत असल्यापास्नं हितंच हाय मी.”

वस्ताद पट्ट्याची गुंडाळी करत राहिले.

“मला तोलून तर बघा एकदा,” सुकुमार काकुळतीला आला. “तुमच्या कुठल्याबी पोराला माझ्यासंगं हात मिळवायला लावा. पाय डगमगला तर मीच नाव काढतो.”

“पोरं उसाला पाणी पाजायला गेल्यात.”

“मग?”

“मी हाय की.”

वस्ताद उठले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, भिंतीला धरून, एकेक पाऊल टाकत हौद्याशी आला. हौदा म्हणजे कुस्तीचा आखाडा, लाल मातीचा. ताक, हळद, लिंबू पिऊन पिऊन ती माती लोण्यासारखी मऊ झालेली. वस्ताद त्यात उतरले आणि पाय रोवून उभे राहिले.

“ये.”

“तुमच्यासंगं?”

“का? म्हाताऱ्याला भ्यालास?”

सुकुमारनं सदरा काढला. हौद्यात पाय टाकण्याआधी वाकून माती कपाळाला लावायची असते. तो वाकला. डावा पाय वाकला, उजवा मागं ताठ राहिला. एका पायावरच्या बगळ्यासारखा तोल सावरत त्यानं चिमूटभर माती घेतली.

वस्ताद दुसरीकडं बघत होते. त्यांनी बघितलं नाही असं कोण म्हणेल?

“काय करू?” सुकुमारनं हात पुढं केले.

“मला खाली बसव.”

“पाडू?”

“पाडायला तुला येतंय, ते मला ठावं हाय. मीच शिकवलंय. बसव म्हंतो.” वस्तादांनी त्याचे दोन्ही दंड धरले. “माझेबी गुडघे गेल्यात, बाळा. नमाजबी खुर्चीवर बसून पढतोय, तीन वर्सं झाली. ह्या मातीत बसलोच न्हाई तवापास्नं. कडंला उभा राहून पोरांस्नी शिव्या देतोय, झालं... बसव मला. हाडं पिकल्यात, एवढं ध्यान ठेव.”

सुकुमारनं त्यांच्या बगलेत हात घातले. हे काय अवघड. दोन दोन मणाची पोती उचलणारा गडी तो. पाय ताठ ठेवून त्यानं कमरेतनं वाकून म्हाताऱ्याला खाली सोडलं. वीतभर राहिलं असताना हात पुरेनात.

धप्पदिशी वस्ताद मातीत आदळले.

“या अल्ला! ...आपटलंस की रं.”

“लागलं का वस्ताद? लागलं का?”

“माती मऊ हाय. तू न्हाईस. उठव. परत.”

दुसऱ्या खेपेला सुकुमारनं ठरवलं, गुडघे वाकवायचे. वाकवले, पण डाव टाकावा तसे एका झटक्यात. उजव्या गुडघ्यात कळ चमकली, तोंडातनं शिवी गेली आणि हाताची पकड सुटली. वस्ताद कुशीवर कलंडले.

“कुणाला शिवी दिलीस?”

“तुम्हाला न्हाई.”

“ज्याला दिलीस, त्योबी म्हाताऱ्यागत झालाय सध्या. त्यालाबी दिऊ नगो. उठव.”

वस्तादांना उठवताना सुकुमारला पहिल्यांदाच त्यांचं वजन जाणवलं. म्हणजे जाणवलं ते, की वजनच नव्हतं. ह्याच दंडांनी त्याला पोरवयात हजारदा उचलून मातीत टाकलं होतं. आता कातडीखाली हाड असं लागत होतं, जशी जोंधळ्याची वाळलेली ताटं. आपण जरा जोरात धरलं तर काडकन मोडतील, असं वाटून त्यानं पकड सैल केली.

तिसरी खेप.

वस्तादांनी डोळे मिटले. त्याच्या दंडाला त्यांनी अशी मिठी मारली, जशी नदी ओलांडताना पोर बापाला मारतं.

सुकुमार त्यांच्या तोंडाकडं बघत राहिला. भिवया आवळल्या की तो थांबायचा. सैल झाल्या की आणखी थोडं खाली जायचा. त्याचा श्वास आपोआप म्हाताऱ्याच्या श्वासाला जुळला. टाचा मातीत घट्ट होत्या. माकडहाड मातीला कधी टेकलं, ते वस्तादांनाही कळलं नसावं. डोळे उघडून त्यांनी दोन्ही बाजूंना चाचपून बघितलं, आणि मग मुठीत माती घेऊन नुसतीच दाबत राहिले.

“तीन वर्सं...” ते स्वतःशीच म्हणाले.

मग त्यांनी समोर बघितलं. सुकुमार उकिडवा झाला होता. दोन्ही गुडघे सारखे वाकलेले.

“किती वाकला?”

“काय?”

“उजवा.”

सुकुमारनं खाली बघितलं. चार महिन्यांत तो पाय एवढा वाकला नव्हता. “मला... ठावं न्हाई. मी तुमच्याकडं बघत हुतो.”

“दुखला?”

“न्हाई. म्हंजे ओढ बसली. कळ न्हाई आली.”

“हां.”

एवढंच. दोघं समोरासमोर मातीत. शिकवणारा बसलेला, शिकणारा उकिडवा. कौलातनं उन्हाचा कवडसा मातीवर पडला होता.

“रोज सकाळी ये,” वस्ताद म्हणाले. “मला बसवायचं, उठवायचं. दहा येळा. अकरावी करायला लागलास तर काठी घालीन. मग हातांनी दोर चढ, पायांस्नी सुट्टी. दुपारी हिरीत पव. पण काठावनं उडी टाकू नगो, पायऱ्या उतरून जा. सांजंचं मळ्यापातूर चालत जा आन् ये.”

“आणि बैठका?”

“सकाळी उठल्यावर गुडघ्याला हात लाव. गार असला तर कालच्याएवढंच. गरम असला तर निम्मं. पाचशेचं मी सांगंन तवा.”

“कवा सांगशीला?”

वस्तादांनी नुसतं त्याच्याकडं बघितलं. सुकुमारनंच मान खाली घातली.

मग तो उठला. उठताना हात टेकला, पण उजवा पाय फेकला नाही. कट्ट्यावरच्या सदऱ्यातनं त्यानं हँडबिल काढलं, घडी उलगडली. स्वतःच्या फोटोकडं थोडा वेळ बघत राहिला. मांडीवर शड्डू ठोकतानाचा फोटो होता.

“जत्रा कमिटीला आजच सांगतो,” तो म्हणाला. “नाव काढा म्हणून. म्हंजे त्यांस्नी दुसरा गडी बघायला सवड मिळंल.”

“सांग.”

“खरा पाय कुठला त्योबी सांगतो.”

“सांग.”

त्यानं घडी केली. परत उलगडली. परत केली. मग हौद्यात येऊन वस्तादांच्या समोर, हळूहळू, वाकत बसला.

“वस्ताद, एक इचारू? ...जत्रंत उतरायचं न्हाई. कुणाला पाडायचं न्हाई. एका म्हाताऱ्या माणसाला दहा येळा बसवायचं आन् उठवायचं. मग मी पैलवान कशाचा?”

वस्तादांनी ऐकलं. त्याच्या खांद्यावरची माती झटकली.

“मला अजून थोडं ने,” ते म्हणाले.

“कुठं?”

“मागं. पाठीवर.”

दस्तगीर वस्तादांची पाठ कधी मातीला लागली नव्हती. वारणेच्या दोन्ही काठांना हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मोठमोठे मल्ल आले, दोन दोन तास झुंजले आणि सलामी करून माघारी गेले. म्हातारपणी पोरांना शिकवतानासुद्धा त्यांनी चेष्टेत कधी पाठ टेकू दिली नव्हती.

“वस्ताद... पाठ...”

“ने म्हंतो.”

त्यानं एक हात त्यांच्या मानेखाली घातला, एक कमरेखाली. निजलेलं लेकरू पाळण्यात ठेवावं, तसं त्यांना खाली नेलं. आधी कंबर टेकली. मग मणक्याचं एकेक हाड. मग खांदे. सगळ्यांत शेवटी डोकं. मानेखालचा हात त्यानं काढला, तेव्हा एक चिमूट मातीही हलली नाही.

वस्ताद उताणे पडून कौलांकडं बघत होते. सुकुमारच्या डोळ्यांतलं पाणी टपकन त्यांच्या छातीवर पडलं. त्यांनी ते पुसलं नाही.

“लई जणांनी धडपड केली रं...” ते म्हणाले. “त्यांस्नी घाई हुती.”