डबीवरचे डोळे

फार पूर्वीची गोष्ट आहे. इतक्या पूर्वीची, की ज्या गावात ती घडली त्याचं नाव सांगणारं आता कुणी उरलेलं नाही. गाव तळ्याच्या काठी होतं. दर सोमवारी तिथे बाजार भरायचा आणि बाजाराच्या ओट्यावर एक काजळवाली बसायची.

तिचं काजळ साधं होतं. एरंडेलाचा दिवा लावायचा, त्यावर तांब्याची वाटी उपडी ठेवायची, वाटीला धरलेली काजळी खरवडून धुतलेल्या तुपात खलायची. आठवड्याला वीस डब्या होत. वीस डब्या विकल्या की ती आपली चटई गुंडाळून घरी जायची.

त्या गावात एक रीत होती. डोळ्यांत घालायची वस्तू विकणाऱ्याने ती आधी गिऱ्हाइकासमोर स्वतःच्या डोळ्यांत घालायची आणि मगच विकायची. ही रीत कुठे लिहून ठेवलेली नव्हती, पण ती मोडायची कुणाची छाती नव्हती. काजळवालीसुद्धा समोर पितळी आरसा ठेवायची, बोटाने काजळ घालायची, आणि मग म्हणायची, "घ्या आता."

तिला एक धाकटी बहीण होती. आईबाप लवकर गेले, तेव्हा हिनेच तिला वाढवलेलं. लग्न होऊन ती दोन कोसांवरच्या वाडीत गेली होती. तिथे ती कशिदा काढायची, इतका बारीक की टाके मोजायला बसलेला माणूस कंटाळून उठे. नवरा पायाने अधू होता. तिचे डोळे चालत होते म्हणून घर चालत होतं. महिन्याची पहिली डबी काजळवाली न चुकता तिच्यासाठी बाजूला काढायची.

आता या काजळवालीचे स्वतःचे डोळे होते फार सुंदर. लोक आधी काजळ घ्यायला यायचे, मग काजळ घालताना तिला बघायला येऊ लागले. हळूहळू बघायला येणारेच जास्त झाले. एकदा तिची एका कानातली कुडी हरवली, म्हणून ती एकच कुडी घालून आली. पुढच्या सोमवारी निम्म्या गावाने एकेका कानातली कुडी काढून ठेवली होती! एकदा ती सहज म्हणाली, "मला बाई ताक फार आवडतं." त्या दिवशी दुपारपर्यंत बाजारात ताकाचा थेंब उरला नाही.

तिला हे आवडलं. कुणाला आवडणार नाही? पण आवडता आवडता त्याची सवय झाली, आणि सवय वाईट होती. ज्या सोमवारी गर्दी कमी, त्या दिवशी तिला जेवण जात नसे. घरी एकटी असताना रडू आलं, तरी ती आधी आरशात बघायची, की रडताना आपण दिसतो कशा.

अशात एक व्यापारी तिच्याकडे आला. मऊ बोलणारा, सदा हसतमुख.

"बाई, वीस डब्यांत काय होतंय? लोक दोनशे मागतायत. निम्मे हात हलवत परत जातात, आणि रिकाम्या हाताने गेलेला माणूस परत येत नाही. डब्या मी भरतो. तुम्ही फक्त ओट्यावर बसा."

ते 'परत येत नाही' तिला लागलं. तिने त्याचं काजळ बोटावर घेऊन पाहिलं. ते तिच्या काजळापेक्षा काळं होतं आणि उन्हात चमकत होतं.

"यात घातलंय काय?" तिने विचारलं.

"काळेपणा," व्यापारी हसून म्हणाला.

ती त्यावर हसली. खरं तर तिथेच उठायला हवं होतं. पण तिने ते बोट डोळ्याकडे नेलं नाही, पदराला पुसलं. याचा अर्थ तिला कळलेला होता, बरं का. आपल्या बोटाला जे कळतं, ते आपण पुष्कळदा मनाला कळू देत नाही.

सोमवारी ओट्यावर दोन तऱ्हेच्या डब्या होत्या. विकायच्या डब्यांच्या झाकणांवर व्यापाऱ्याने तिचे डोळे रंगवून घेतले होते. आरशाजवळची डबी तिची घरची होती. तिने घरच्या डबीतलं काजळ डोळ्यांत घातलं, आणि विकलं मात्र व्यापाऱ्याचं. रीत पाळल्यासारखी दिसली आणि दोनशे डब्या संपल्या.

गर्दीत एक म्हातारी होती, तिची पहिल्यापासूनची गिऱ्हाईक. तिने डबी उघडली, वास घेतला, मिटली आणि परत ठेवली. "पोरी, याला एरंडेलाचा वास नाही ग," एवढं म्हणून ती निघून गेली. काजळवालीने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

तिसऱ्या सोमवारी एक बाई डोळ्याला पदर लावून आली. पाचव्या सोमवारी तशा सातजणी होत्या.  काजळवालीने व्यापाऱ्याला गाठलं.

"अहो, उन्हाळा आहे," तो म्हणाला. "उन्हाळ्यात डोळे येतातच. त्यांना सांगा, जळजळलं तर दोनदा जास्त घाला, आतली उष्णता निघून जाते."

"आणि तसं नसेल तर? मी खरं काय ते सांगून टाकेन."

व्यापाऱ्याचं हसू तसंच राहिलं, आवाज तेवढा बदलला. "सांगा की. पण डबीवर डोळे कुणाचे आहेत, बाई? लोक दगड घेऊन आधी कुणाकडे येतील?"

 पुढच्या सोमवारी ओट्यावरून ती गोड आवाजात म्हणाली, "जळजळलं तर दोनदा जास्त घाला हं." समोरचे शेकडो चेहरे तिच्याकडे बघून हसले आणि तीही सगळ्यांकडे बघून हसली. पण आता वाटेने घरी जाताना प्रत्येक खिडकीत, प्रत्येक कोनाड्यात तिला आपले रंगवलेले डोळे दिसत. जिथे जावं तिथे ते तिच्याकडे बघत असत.

त्या भीतीतच तिला एक दिवस आठवलं, की या गडबडीत दोन महिने आपण बहिणीला डबी पाठवलेली नाही. तिने त्याच दिवशी वाटी खरवडली, घरचं काजळ डबीत भरलं आणि ती वाडीची वाट चालू लागली. चालताना तिला जरा बरं वाटत होतं. एक तरी काम आपण सरळ मनाने करतोय, असं तिला वाटलं.

बहिणीच्या घराचं दार उघडं होतं. दुपारच्या उन्हात अंगणात कशिद्याची चौकट पडली होती, आणि तिच्यावर धूळ होती. काजळवाली आत गेली. समोरच्या कोनाड्यातून तिचेच डोळे तिच्याकडे बघत होते.

बहीण भिंतीला टेकून बसली होती. पापण्या सुजून लाल झालेल्या, डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"कोण आहे?" तिने विचारलं.

दोन हातांच्या अंतरावर उभ्या असलेल्या बहिणीला तिने 'कोण आहे' विचारावं!  काजळवाली तिच्यापाशी बसली.

"अगं, ही डबी तू कशाला आणलीस? मी पाठवते ना तुला!"

"दोन महिने आली नाही, ताई. वाटलं, तुझ्या मागे कामं फार. म्हणून मीच बाजारात आले. रांगेत उभी राहिले."

"मग मला हाक का नाही मारलीस?"

 बहीण म्हणाली, "मारणार होते. तू माझ्याकडे बघून हसलीससुद्धा. पण सगळ्यांकडे बघून हसत होतीस ना, तशीच हसलीस. मला वाटलं, तुझ्याभोवती एवढी माणसं, त्यांच्यापुढे कशाला लुगड्याला ठिगळ लावलेली बहीण म्हणून पुढे यावं."

काजळवालीने कोनाड्यातली डबी उचलली.

"जळजळत होतं," बहीण म्हणाली, "पण तू म्हणालीस ना दोनदा जास्त घाला, म्हणून मी तीनदा घातलं. तू सांगितलंस म्हणजे बरोबरच असणार. आता आठ दिवस झाले, सुईत दोरा जात नाही. ताई, माझे डोळे जातील का ग?"

काजळवाली रडली, आणि कितीतरी महिन्यांनी आरशाशिवाय रडली. तिने वैद्याला आणलं. वैद्य म्हणाला, ते काजळ आधी फेका, रोज त्रिफळ्याच्या पाण्याने डोळे धुवा, पुढचं देवाच्या हाती. हे काजळ जितके दिवस डोळ्यांत राहील तितका धोका वाढेल, असंही तो म्हणाला. गावात त्या वेळी हजारावर डब्या होत्या.

सोमवारी ती ओट्यावर उभी राहिली. आरसा तिने आणला नव्हता.

"हे काजळ वाईट आहे," ती म्हणाली. "मी ते कधी घातलं नाही. मी घरचं घालून तुम्हाला दुसरं विकलं. घरी जा आणि डब्या जमिनीत पुरून टाका."

व्यापारी गर्दीच्या कडेला होता, तो हळूच दिसेनासा झाला. आणि गर्दी काय म्हणाली असेल? गर्दी हसली!

"आता चांगलं काजळ एकटीलाच ठेवायचंय वाटतं!" एकजण ओरडली. दुसरी म्हणाली, "हे बघा तिचे डोळे! कमळासारखे आहेत. वाईट असतं तर तिचे असे राहिले असते का?"

तेव्हा तिला कळलं, की आपण खोटं बोलत होतो तेव्हा या डोळ्यांनी आपली साक्ष दिली, आणि आता खरं बोलतोय तर हेच डोळे आपल्याविरुद्ध साक्ष देतायत.

मागे ती म्हातारी उभी होती. तिने एवढंच विचारलं, "पोरी, रीत काय आहे आपल्या गावची?"

काजळवालीने रंगवलेल्या झाकणाची डबी उघडली. बोटावर काजळ घेतलं. या वेळी बोट पदराकडे गेलं नाही. तिने ते दोन्ही डोळ्यांत भरून घातलं, आणि ती ओट्यावर खाली बसली.

"मी इथेच बसते," ती म्हणाली. "रोज या आणि बघा."

पहिल्या दिवशी लोक गंमत बघायला आले. दुसऱ्या दिवशी तिचे डोळे लाल झाले, आणि तिने सगळ्यांदेखत पुन्हा काजळ घातलं. तिसऱ्या दिवशी पापण्या सुजल्या. चौथ्या दिवशी कुणी हसत नव्हतं. पाचव्या दिवशी एक बाई आपली डबी घेऊन आली, तळ्यापासून लांब माळावर तिने खड्डा खणला आणि डबी पुरली. संध्याकाळपर्यंत त्या माळावर सगळं गाव खणत होतं. मग म्हातारीने काजळवालीच्या हाताला धरून तिला वैद्याकडे नेलं.

गावातले बहुतेक डोळे वाचले. बहिणीचेही वाचले, पण पूर्वीचा बारीक टाका तिला पुन्हा जमला नाही. ती मग मोठी फुलं काढू लागली. काजळवालीचा एक डोळा बरा झाला. दुसऱ्यावर कायमचा पडदा आला. लोकांनी दगड मारले नाहीत, पण ते पुन्हा बघायलाही आले नाहीत. पुढच्या महिन्यात बाजारात एक पोपटवाला आला, आणि गर्दी तिकडे गेली. व्यापारी दुसऱ्या गावी केसांचं तेल विकू लागला म्हणे.

काजळवाली मात्र सोमवारी ओट्यावर बसत राहिली. समोर वीस डब्या असत, झाकणांवर काही नसे. एकदा म्हातारीबरोबर तिची बहीण आली आणि रांगेत उभी राहिली. काजळवालीने एका डोळ्याने पाहिलं आणि लांबूनच हाक मारली, "अगं, रांगेत काय उभी राहतेस? इकडे ये, माझ्याजवळ बस." मग तिने डबी उघडली, आधी स्वतःच्या बऱ्या डोळ्यात काजळ घातलं आणि म्हणाली, "घ्या आता."

मुलांनो, आणि मोठ्यांनो, तुम्हीसुद्धा लक्षात ठेवा: जे आपल्या माणसाच्या हातात द्यायला आपलं मन कचरतं, ते जगाच्या हातात कधी देऊ नये.