वीतभर सूत

एका राज्यात एक माग होता आणि त्या मागाला विणकर नव्हता. परदेशातल्या एका मांत्रिकाने तो धवलसेन राजाला भेट दिलेला. राजाने सकाळी 'विण' म्हटले की आडवा धागा नेणारा धोटा आपोआप धावू लागे आणि दिवस मावळेतो शंभर ठाण कापड कोठारात पडे. सूत यायचे ते नदीपलीकडच्या रानातल्या सावरीच्या कापसाचे. रोज एक झाड उभ्या उभ्या वाळे. गावोगावचे माग बंद पडले, विणकर ओट्यावर बसून राहिले, आणि बसल्या बसल्या त्यांचे हात काम विसरले. राजा म्हणे, कोठार वाढते आहे, म्हणजे राज्य वाढते आहे.

विणकरांच्या आळीत सारजा राहत असे. तिला पोथी वाचता येई, गाठ मात्र धड मारता येत नसे. तिला सहा महिन्यांची मुलगी होती, चंद्री. चंद्रीची मूठ मिटत नसे. सारजा दिवसातून वीस वेळा तिच्या तळव्यात आपले बोट ठेवी. तळवा उघडाच राही. शेजारणी म्हणत, उगीच जिवाला घोर लावून घेतेस. सारजालाही वाटे, उगीचच. मग ती एकविसाव्यांदा बोट ठेवी.

एके दिवशी तिला वाटले, इतर मुलांची मूठ पाहू तरी. माग आल्यापासून आळीत चार मुले जन्मली होती. चौघांचेही तळवे उघडे.

विहिरीवरच्या बाभळीला सुगरण पक्ष्याचा खोपा लोंबत होता. त्या राज्यात पाखरे बोलत असत, म्हणून सारजाने त्या पाखरालाच विचारले, मुलांच्या मुठी का मिटत नाहीत?

पाखरू म्हणाले, "मागाला शाप आहे. तो शेवटच्या धाग्यापर्यंत विणतो, मागे काही राखत नाही, हातातली पकडही नाही. शाप सोडवायचा तर रानाला विचार, हाताला विचार, राजाला विचार. प्रश्न एकच, किती राखू?"

"मीच का?"

"विचारायला तूच आलीस."

सारजाने चंद्रीला पाठीशी बांधले आणि ती निघाली. वेशीपर्यंत जाऊन दाराला कडी घातली का ते पाहायला परत आली. घातली होती.

रानात सातच सावरी हिरव्या उरल्या होत्या. थोरलीपुढे हात जोडून तिने विचारले, किती राखू? सावर म्हणाली, "बोंडे ने. म्हातारी झाले की लाकूडही ने. जमिनीपासून वीतभर बुंधा राख. मी पुन्हा फुटेन."

मग हाताला विचारायचे होते. हात म्हणजे कुणाचा, याचा विचार करीत ती घरी आली, तर सासरे धोंडबा ओट्यावर आपलेच तळवे न्याहाळत बसले होते. पंचक्रोशीत त्यांच्यासारखा विणकर नव्हता. आता त्यांना भाकरी मोडणेही जड जाई. तिने विचारले. त्यांनी तळवे उलटे करून पुन्हा न्याहाळले. मग सारजा धूळ झटकून त्यांच्या मागावर बसली. मागावर थोडे न विणलेले धागे तसेच लोंबत होते. त्यांना नवा धागा सांधायचा म्हणून तिने गाठ मारली. ती सुटली. दुसरी मारली, तिचा गुंता झाला.

"सूनबाई, ही गाठ की उंदराचे घरटे?"

"मला इतकेच येते, मामंजी."

म्हातारा धुसफुसत उठला. तिला बाजूला सारून स्वतः बसला. बोटे अडखळली, दोनदा चुकली, तिसऱ्यांदा गाठ बसली. तो गाठीकडे पाहतच राहिला.

"वीतभर राखायचे," तो हळूच म्हणाला. "ठाण उतरवताना वीतभर ताणा, म्हणजे उभे धागे, मागावर ठेवायचा. पुढच्या ठाणाचे धागे त्यालाच सांधतात."

झाडाचीही वीत, मागाचीही वीत. सारजाला नवल वाटले. त्या नवलातच ती राजवाड्यात पोहोचली, नाहीतर वाटेत भ्यायली असती.

"महाराज, मागावर वीतभर सूत राखा."

प्रधान म्हणाला, रोजची वीत म्हणजे वर्षाकाठी कितीतरी ठाण बुडतील. राजाने विचारले, "राखले तर राज्य वाढेल?"

सारजाने चंद्रीला पाठीवरून पुढे घेतले.

"मला ठाऊक नाही. राखले नाही तर काय होते, ते दाखवते. बोट द्या."

राजाने चंद्रीच्या तळव्यात बोट ठेवले. तळवा उघडाच राहिला. राजाने थोडा वेळ वाट पाहिली.

"अशी मुले किती?"

"माग आल्यापासून आमच्या आळीत जन्मलेली सगळी."

दिवस मावळतीला आला होता. राजवाड्यातला तो माग शेवटच्या धाग्यांवर होता. राजा म्हणाला, "थांब." माग थांबला नाही, त्याला थांबणे शिकवलेच नव्हते. तेव्हा राजाने धावता धोटा मुठीत धरला. तळवा कापला, रक्त कापडावर सांडले, राजाने मूठ सोडली नाही. धोटा थांबला. मागावर बरोबर वीतभर सूत उरले होते. मागाच्या पायांना मुळे फुटली, आणि तो जिथे होता तिथे सावर होऊन उभा राहिला.

राजाने ते सूत धागा धागा करून राज्यातल्या घरोघरच्या मागांना वाटले. दवंडी फिरली: रानातून वर्षात उगवेल तेवढेच न्यावे, वीतभर बुंधा राखावा, ज्याला येते त्याने शिकवावे, ज्याला येत नाही त्याला मागावर जागा द्यावी.

घरी येताना सारजाने वाटेत चंद्रीच्या तळव्यात बोट ठेवले. काहीच नाही. राजाचा तळवा कापला गेला आणि हाती काय आले, असे तिला वाटले.

आळीत धोंडबा राजाने धाडलेला धागा सांधत होते. सारजाने मुलीला त्यांच्याशेजारी ठेवले. थोड्या वेळाने म्हातारा करवादला, "सूनबाई, हिला आवर. धागा सोडत नाही."

सारजाने पाहिले. चंद्रीची मूठ गच्च मिटलेली होती. सासरे पुन्हा पुन्हा सांगत राहिले, पण तिने बराच वेळ ती मूठ सोडवली नाही.

पहिल्या वर्षी कापड निम्मे निघाले आणि प्रधान फुगून बसला. तिसऱ्या वर्षी आळीआळीत धोटे वाजू लागले, रंगाऱ्यांच्या कढया चढल्या, गाडीवानांना भाडी मिळू लागली, नदीपलीकडे रान हिरवे दिसू लागले. सारजा अजूनही गाठ मारते ती सुटतेच. त्या राज्याची वीत राहिली, तशी तुमच्याआमच्या घरी राहो.