जुन्या लुगड्यातली अंघोळ

एकदा एका विणकरांच्या गावी एक वृद्ध सुईण राहत होती. तिचं नाव कोंडाक्का. गावात दिवसभर मागांची खटखट चाले आणि सकाळच्या प्रहरी त्या खटखटीत तान्ह्या लेकरांचं रडणं मिसळे. न्हाणीत चूल पेटायची, तांब्याच्या घंगाळात पाणी वाफाळायचं, ओव्याचा आणि तेलाचा वास बोळभर पसरायचा. वाटेनं जाणारा परका माणूसही त्या वासावरून ओळखायचा की ह्या घरी लेकरू आलं आहे. आता तसा वास कुठल्या बोळात येत नाही. असो.

कोंडाक्काचे गुडघे धरले तेव्हा तिनं आपली विद्या सगुणा नावाच्या एका तरुण बाईला दिली. पाटावर बसून पाय कसे पसरावेत, लेकरू नडग्यांवर कसं घ्यावं, पाण्यात कोपर बुडवून ऊन किती आहे ते कसं पाहावं, सगळं शिकवलं. सगुणा हाताची चपळ होती.

त्या गावात एक समज होता. अंघोळीला लेकरू जेवढं मोठ्यानं रडेल तेवढी त्याची छाती भरते, आणि नंतर जेवढं गाढ झोपेल तेवढी अंघोळ चांगली झाली. सगुणाच्या हातची लेकरं आळीभर ऐकू जाईल अशी रडत आणि उन्हं चांगली वर येईपर्यंत झोपत. बायका म्हणत, "हात आहे बाई हिला!" सगुणाला त्याचा अभिमान वाटे. वाटावाच, कामात जीव ओतणारी बाई होती ती.

मग भिकाबाई विणकरणीच्या घरी नातू झाला. सून मैना पहिलटकरीण. लेकरू दिवस भरायच्या आधीच आलेलं, ओंजळीत मावेल एवढं. सगुणा रोज त्याला न्हाऊ घाली. ते टाहो फोडी, रडून रडून त्याचे ओठ काळवंडत, आणि मग दुपट्यात गुंडाळता गुंडाळताच ते निपचित झोपून जाई. ते लवकर उठतच नसे. मैनेचा पान्हा दाटून छाती ठणके. ती त्याच्या गालाला बोट लावी, तळपायाला गुदगुल्या करी. दोन घोट घेऊन ते पुन्हा मान टाकी. पाचवी पुजून झाली, बारसं तोंडावर आलं, आणि लेकराच्या मांड्यांची कातडी सैल पडू लागली.

एके सकाळी सगुणा आली, तर मैना लेकराला पोटाशी धरून कोपऱ्यात बसलेली.

"आज नको. आज नका न्हाऊ घालू त्याला. पाया पडते तुमच्या."

"पारोसं ठेवतेस होय पोराला?" भिकाबाई कडाडली. "आम्ही काय लेकरं वाढवली नाहीत?"

सगुणा आली तशी परत फिरली ती थेट कोंडाक्काच्या दारात जाऊन बसली.

"आक्का, माझं काय चुकतंय? पाणी तेच, तेल तेच, हात तुम्ही शिकवलेला."

"रडतं कधी गं ते? पाणी पडल्यावर, की आधी?"

सगुणा विचारात पडली. "आधीच, आक्का. दुपटं सोडलं की."

"मग चल," म्हणून कोंडाक्का काठी टेकत उठली.

घरी पोचल्यावर तिनं मैनेच्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाली, "पोरी, तुझं सगळ्यात जुनं लुगडं दे. नेसून नेसून विरलेलं."

भिकाबाई लगबगीनं एक कोरा, तलम ताणा-बाण्याचा तागा घेऊन आली. "आक्का, विणकराचं घर आहे हे. घरात ताग्यावर तागे पडलेत, आणि माझ्या पहिल्या नातवाला चिंधी? लोक काय म्हणतील?"

"लोकांना न्हाऊ घालायचं असलं तर हा काढ," आक्का शांतपणे म्हणाली. "लेकराला तिचं लुगडं दे."

लुगडं आलं. आक्कानं त्याची घडी केली, लेकराचे हात छातीशी घेतले, गुडघे पोटाशी दुमडले आणि तोंड तेवढं उघडं ठेवून सगळं अंग त्यात गुंडाळलं. ते गाठोडं नडग्यांवर घेतलं, आणि कापडासकट त्यावर हळूहळू ऊन पाणी सोडू लागली.

भिकाबाईनं तोंडाला पदर लावला. "अगं बाई! अंघोळ लेकराची चाललीय की लुगड्याची?"

दारात जमलेल्या शेजारणी हसल्या. सगुणा हसली नाही, पण तिलाही उमगलं नाही. कापडावरून मळ निघणार कसा?

आक्कानं कापडातून एक हात बाहेर काढला. डाळीच्या पिठानं चोळला, पाणी घातलं, पुन्हा झाकला. मग दुसरा हात. मग एक पाय. एक उघडायचं आणि बाकी सगळं उबेत ठेवायचं, असं चाललं होतं. थोड्या वेळानं शेजारणींचं हसणं थांबलं. न्हाणीत बाहेरच्या मागाची खटखट ऐकू येत होती. रोज ह्या वेळेला ती ऐकू येत नसे.

लेकरू डोळे उघडे ठेवून आक्काच्या तोंडाकडे बघत होतं.

"रडत का नाही हो हे?" भिकाबाई घाबरली. "छाती कशी भरायची त्याची?"

"दुधानं भरेल," आक्का म्हणाली.

अंग पुसून, कोरड्या दुपट्यात बांधून तिनं लेकरू मैनेच्या मांडीवर ठेवलं. ते लगेच झोपलं, आणि मैनेचा चेहरा उतरला. आज पुन्हा तेच.

"सगुणे, ह्याची मूठ बघ," आक्का म्हणाली. "तू न्हाऊ घातल्यावर कशी असायची?"

"घट्ट मिटलेली."

"आणि झोपेत हुंदके?"

"यायचे, आक्का." लेकराची मूठ आज अर्धी उघडी होती.

आक्का भिंतीला टेकून बसली. "अगं, लेकरू पाण्याला भीत नाही. इतके दिवस पाण्यातच तर होतं. पण पोटात हात पसरला की आईचं अंग लागायचं, पाय ताणला की आईचं अंग लागायचं. जाईल तिकडं आई. तू दुपटं सोडतेस, ते हात पसरतं, आणि हाताला काहीच लागत नाही. त्याला वाटतं, आपण पडलो. तू त्याला घट्ट धरलेलं असतंस, ते पडणार नाही हे तुला ठाऊक असतं. त्याला कुठून ठाऊक असणार? मग ते रडून दमतं आणि झोपतं. दमलेला जीवही झोपतो, निवलेला जीवही झोपतो. लांबून दोन्ही सारखेच दिसतात. भरल्या अंगाचं लेकरू रडूनसुद्धा दूध ओढतं. ह्याच्यापाशी बळ होतंच केवढं? ते सगळं रडण्यात जायचं."

"आणि नवं कापड का नको?" भिकाबाईनं विचारलं.

"त्याला खळ असते, बोचते. ह्याला मैनेचा वास आहे. माझी आई दिवसांआधी आलेल्या लेकरांना असंच न्हाऊ घालायची. सगुणेला तेवढं दाखवायचं माझ्याकडून राहून गेलं."

ऊन ओसरीची पायरी चढायच्या आत दुपटं हललं. लेकरानं तोंड इकडून तिकडं फिरवलं, काहीतरी शोधलं, आणि मग एकदम रडलं. सगुणानं आजवर शेकडो लेकरं रडताना ऐकली होती. हे रडणं भुकेचं होतं. मैनेनं त्याला पदराखाली घेतलं, आणि थोड्याच वेळात घोटांचा बारीक आवाज सगळ्यांना ऐकू येऊ लागला. मैनेच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती.

भिकाबाईनं कोरा तागा गुपचूप उचलून आत ठेवला. मग ते ओलं, विरलेलं लुगडं स्वतःच्या हातानं पिळलं आणि सोवळं वाळत घालायच्या काठीवर पसरलं.

दुसऱ्या दिवसापासून सगुणा कुठल्याही घरी गेली की पाणी पाहायच्या आधी आईचं जुनं लुगडं मागू लागली. पुढं त्या गावाची रीतच झाली. विणकरांच्या घरचं नवं कापड बाजारात जाई आणि जुनं लेकरांसाठी राही.

आपण धरून ठेवलं आहे हे आपल्याला ठाऊक असून पुरत नाही, बाबांनो. ज्याला धरलं त्याच्या हातालाही ते लागावं लागतं.