चंद्रविलासचं बिनकडीचं दार

चंद्रविलास नाट्यगृहात पाऊल टाकलं की गार, गंभीर शांतता भेटेल, असं शाल्मली मगदूमला वाटलं होतं. जर्मनीत ध्वनिशास्त्र शिकताना ती ज्या सभागृहांत बसली, तिथं शेजारच्याचा श्वासही ऐकू यायचा. आपल्या गावचं हे जुनं नाट्यगृह तर जाड भिंतींचं, सागवानी छताचं. प्रत्यक्षात ती रंगमंचावर उभी राहिली आणि आधी ऐकू आली ती मेथी. विकणारी बाई इतकी खणखणीत ओरडत होती, की आता विंगेतून प्रवेशच करते की काय असं वाटावं.

नाट्यगृह भर मंडईत. मंडईच्या बाजूचं दार सताड उघडं होतं आणि त्यातून भाजीवाल्यांचा पुकारा, रिक्षांचे हॉर्न, कुणाचं तरी भांडण, असं सगळं आत येत होतं. शाल्मलीनं दार ओढून पाहिलं. ते लागलं आणि लगेच कुरकुरत पुन्हा उघडलं. कडी नव्हतीच.

चंद्रविलासमधली नाटकं केव्हाच थांबली होती. मग सिनेमे आले, तेही गेले. आता तिथं गाण्याच्या मैफली कराव्यात हा तिचा हट्ट, आणि उद्या संध्याकाळी पहिली मैफल. पुण्याहून ध्वनिमुद्रण करणारा येणार होता. दार उघडं राहणार असेल तर मी यंत्रं गाडीतून उतरवणारच नाही, असं त्यानं बजावलं होतं. मुद्रण झालं नाही, तर चंद्रविलासचं नाव गावाबाहेर जाणार कसं? विश्वस्तांतले निम्मे तर तिथं लग्नाचं कार्यालय काढायला टपलेलेच होते. तिनं सुताराला निरोप धाडला: सकाळी जाड फळ्या घेऊन या, दार कायमचं बंद करायचं आहे.

निरोप भालकाका ओतारींच्या कानावर गेला. परगावच्या पाहुण्यांना चंद्रविलास दाखवायचं काम या म्हाताऱ्यानं हौसेनं अंगावर घेतलेलं. ते काठी टेकत आले आणि पहिल्या रांगेत बसले.

"तू गावची खरी," ते म्हणाले, "पण आज पाहुणीच. बस. पाहुण्यांना मी आधी दार दाखवतो."

ती बसली नाही. दारापासून रंगमंचापर्यंत येरझाऱ्या घालत तिनं ऐकलं.

असं सांगतात, की हे नाट्यगृह बांधलं बाळाप्पाशेटनं. पुण्यामुंबईच्या लोकांनी तोंडात बोट घालावं असं नाट्यगृह हवं, ही त्याची ईर्षा. भिंती उभ्या राहिल्या आणि भुईचा कोबा करायला बायका बसल्या. चुन्यात गूळ आणि बेलफळाचा गर कालवून तो पसरायचा आणि लाकडी थापीनं ठोकत राहायचं. दिवसचे दिवस ठोकायचं. हात एका लयीत पडावेत म्हणून त्या गायच्या. त्यांची म्होरकी यसू. तिची ओवी म्हणे अशी होती:

चुन्यात कालविला गूळ, बेलफळाचा गर,
गान्याच्या पायावरी उभं ऱ्हाईल घर.

कोबा आरशासारखा झाला. उद्घाटनाला शिवरामबुवांचं गाणं ठरलं. यसू आणि तिच्या बायका धुवट लुगडी नेसून आल्या, तर त्यांना दारातच अडवलं. त्या बाहेर उभ्या राहून ऐकू म्हणाल्या. पण दार उघडं राहिलं तर गाणं बाहेर सांडेल, आतल्या मानकऱ्यांना काय उरेल, अशी बाळाप्पाशेटला धास्ती. त्यानं दार लावलं, पितळेची भलीमोठी कडी घातली आणि फटींत चिंध्या कोंबायला लावल्या.

बुवांनी आ लावला, तो उमटेना. तंबोऱ्याची तार छेडली, ती घुमेना. समयांच्या ज्योती चित्रातल्यासारख्या थिजल्या. कुणी म्हणालं दृष्ट लागली, कुणी मीठमोहऱ्या आणायला धावलं. बुवा मात्र उठून अनवाणी भुईवर उतरले. तळपायाला त्यांना ठोका जाणवला म्हणे. थाप, थाप, थाप. भुई आतल्या आत गात होती.

"ही भुई कुणी केली?" बुवांनी विचारलं. मागून ती पितळेची कडी ओतणारा ओतारी म्हणाला, त्या बाहेर उभ्या आहेत.

बुवांनी स्वतःच्या हातानं कडी काढली. दार उघडलं. म्हणाले, "या भुईनं ज्यांचं गाणं आधी ऐकलं, त्यांना बाहेर कोंडून ही माझं ऐकायची नाही." यसूनं उंबऱ्यापाशी उभ्या उभ्याच ओवी धरली, आणि तिच्याच सुरावर बुवांचा आवाज फुटला. त्या रात्री त्यांनी शब्द घेतला: इथं गाणं चालू असेल तोवर हे दार लागणार नाही. बाळाप्पाशेटनं मान खाली घालून कडी उपटली. त्याच ओताऱ्यानं ती वितळवून घंटा ओतली.

"तो माझा पणजा," भालकाका म्हणाले. "ती घंटा अजून त्या दाराबाहेर टांगलेली आहे, आणि खेळ होते तोवर तिसरी घंटा तिथंच व्हायची. तोंड मंडईकडं करून."

"काका, ही दंतकथा आहे," शाल्मली म्हणाली.

"दंतकथाच. मग कडी कुठं गेली, ते तू सांग."

ती चिडून बाहेर पडली. दारालगत लिंबांचा ढीग लावून शेवंताबाई बसली होती. तिनं विचारलं, दार लावणार म्हनत्यात, खरं हाय? शाल्मलीनं समजावलं, की गाण्याचा मान राखायचा तर शांतता हवी, आणि मावशींनी खुशाल आत येऊन बसावं, तिकीट लागणार नाही.

"आत येऊ? आन् लिंबं कोन इकंल?" शेवंताबाई हसली. "त्यास्नी घिऊन बसू म्हनतीस पयल्या रांगंत? अगं, माझ्या आईनं हितंच बसून समदी नाटकं ऐकली. एक बी बघितलं न्हाई."

उद्याच्या भाषणात शाल्मलीनं लिहिलं होतं, चंद्रविलास सगळ्यांचं. रात्री तिनं ते वाक्य खोडलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. डोळा म्हणून लागला नाही. चिंध्या कोंबणारा बाळाप्पाशेट डोळ्यांपुढून हलेना. त्याचं म्हणणं तिच्या म्हणण्यासारखंच होतं.

सकाळी सुतार आला, फळ्या उतरवल्या आणि विचारलं, "कुठनं ठोकायला घेऊ, ताई?"

शाल्मली चपला काढून कोब्यावर उभी होती. तिनं आधी पुण्याला फोन लावला आणि सांगितलं, की दार उघडं राहील. यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मग ती सुताराकडं वळली.

"ठोकू नका. यांची बाकं करा. बाहेर, घंटेखाली मांडायची आहेत."

आजही चंद्रविलासच्या त्या दाराला कडी नाही. गाणं असलं की बाकांवर मंडई बसते, आणि ती बाकं दार बंद करायला आणलेल्या फळ्यांची आहेत, असं भालकाका पाहुण्यांना सांगतात.