राळेतल्या माशीचं नाव

"या किड्यासारखा दुसरा किडा जगात कुठेही नाही, हे सूर्यास्तापर्यंत सिद्ध करा! नाहीतर एकेकाची शेंडी कापीन!" गजसेन राजा गरजला आणि दरबारातल्या सातही पंडितांची तोंडं उतरली.

झालं होतं असं. एका व्यापाऱ्याने राजाला मधाच्या रंगाचा खडा भेट दिला होता. कुठल्याशा झाडाची राळ, कोण जाणे किती हजार वर्षं जमिनीत राहून दगड झालेली, आणि आत एक इवलासा किडा. "नव्या जातीचा निघाला तर त्याला माझं नाव!" असं राजा बोलून गेला. मग काय! पंडितांनी खडा हातातही न घेता सांगून टाकलं, "नवाच आहे, महाराज!" पण राजा पडला हट्टी. त्याला पुरावा हवा होता.

सोमा मधवाल्याची मुलगी भिवरा मुदपाकखान्यात मध द्यायला आली होती. दरबाराच्या दारातून हे पाहून तिला खुदकन हसू आलं.

"हसतेस?" राजपंडित घनभट्ट कडाडले. "मग तूच सिद्ध कर! नाही जमलं तर तुझ्या बापाला रान बंद! काय महाराज?"

"मान्य!" राजा म्हणाला.

भिवराचं हसू मावळलं. रान बंद म्हणजे घरची चूल बंद. तिने खडा उजेडात धरला, बराच वेळ फिरवून पाहिला. मग बाहेर धावली आणि तटाच्या फटीतली एक बारीकशी माशी मुठीत घेऊन आली.

"महाराज, ही पोयाची माशी. डंख मारत नाही. मागच्या पायांवर राळेचे गोळे घेऊन पोळ्यात नेते. खड्यातलीच्या पायांवरही तसेच गोळे आहेत बघा! म्हणजे कूळ तेच. पण आमच्या माशीचं पोट आखूड, खड्यातलीचं लांबट. पंखांच्या शिराही हिला जास्त. अशी माशी मी कधी पाहिली नाही."

"तू पाहिली नाहीस म्हणजे जगात नाही?" घनभट्ट खेकसले.

"तुम्ही जगभरचे किडे पाहिलेत ना, शास्त्रीबुवा? मग तुमच्या उपरण्यावरच्या या मुंगीला पाय किती?"

"चार!"

राजाने स्वतः वाकून मोजले. सहा!

"ते राहू दे, पोरी. पुराव्याचं काय?"

"दवंडी पिटा, महाराज! हुबेहूब अशी माशी आणेल त्याला सोन्याचं कडं! कोणी आणेपर्यंत ही नवी. नवी म्हणजे तरी काय? दुसरी अजून कोणी दाखवली नाही, एवढंच!"

राजा खूश झाला. "वा! मग हिला माझं नाव!"

"द्या की! पण हावेपोटी जी राळ ओरबाडायला गेली, तिच्यातच ही अडकून मेली. लोक म्हणतील, नाव अगदी शोभलं!"

राजाच्या मिशा थरथरल्या.

"मग... घनभट्टांचं देऊ?"

"छे, महाराज! ही तर मरेपर्यंत काम करत होती!"

राजा असा हसला की सिंहासनावरून घसरता घसरता वाचला. हसता हसताच त्याने सोमाला रान कायमचं खुलं केलं आणि खडा भिवराच्या ओंजळीत ठेवला.

"नाव तूच ठेव, पोरी! आम्हाला नावं तर तू ठेवलीसच!"