ताटातला वाटा

"...मग बाबा, माणसं एवढी लोभी का झाली?"

हिरामणशेठ मठाच्या ओसरीवर मांडी घालून विचारत होता. बाजारपेठेतले अकरा गाळे त्याचे. कपाळाला भस्म, बोटांत चार अंगठ्या, आणि भिकागिरीबाबांचा पट्टशिष्य म्हणून मान कायम ताठ.

"कोण लोभी झालं?"

"ही काय, समोरच उभी आहे. हिची थाळी ऐंशीवरून एकशेवीसवर गेली. न्हावी तसाच, इस्त्रीवाला तसाच. गोरगरिबानं खायचं काय? तुम्हीच सांगा हिला दोन शब्द."

द्वारकाबाई डबा घेऊन उंबऱ्यात उभी होती. बाबा दिवसातून एकदाच जेवायचे, आणि दर गुरुवारी ते जेवण शेठच्या नावानं तिच्या खानावळीतून यायचं. शेठचं बोलणं ऐकून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दिवाळीला ह्यानंच भाडं वाढवलं होतं. आणि काल येऊन पुन्हा बजावून गेला होता, एक तारखेपासून आणखी वाढवून दे, नाहीतर गाळा खाली कर. बावीस वर्षांची खानावळ, तिच्यावर घरातली चार पोटं. आणि आज हा गोरगरिबांचा कैवारी!

"बोलू का बाबा?"

"आधी वाढ."

तिनं वाढलं. दोन भाकऱ्या, वांग्याचं भरीत, वाटीभर वरण, भाताची मूद, ठेचा.

बाबांनी ताटाला हात लावला नाही.

"बाई, ह्यात सिलिंडरचं किती?"

तिनं क्षणभर ताटाकडं पाहिलं. मग एक भाकरी अर्धी मोडली.

"एवढं."

"काढ बाजूला... आणि गाळ्याच्या भाड्याचं?"

तिचा हात थबकला. शेठ खाकरला. मग मात्र तिनं अख्खी भाकरी उचलली, वर भाताची मूदही उचलली.

"हे कुठं ठेवू?"

"ज्याचं आहे त्याच्यापुढं."

तिनं पत्रावळ घेतली आणि शेठच्या पुढ्यात ठेवली.

"विजेचं?"

"मीटर शेठचं. बोर्ड एक दर लावतं, शेठ दीडपट घेतो." वरणाची वाटीही सरकली.

"बाबा, ही वाट्टेल ते..."

"खोटं आहे?"

शेठ उसळून म्हणाला, "माझा खर्च नाही का वाढला? खानावळ महाग, दाढी महाग, इस्त्री महाग! भाडं वाढवू नको तर करू काय?"

"न्हावी कुणाच्या गाळ्यात बसतो?"

"...माझ्या."

"इस्त्रीवाला?"

शेठ बोटातली अंगठी फिरवू लागला.

द्वारकाबाईला हसू आवरेना. "बाबा, आमच्या गल्लीतलं कुत्रं असंच आपल्या शेपटीमागं गरगर फिरतं. पण ते निदान दुसऱ्याला लोभी तरी म्हणत नाही!"

बाबांनी उरलेली अर्धी भाकरी भरताशी खाल्ली. चार घास झाले. मग तांब्या उचलला आणि ताटातच हात धुतले.

शेठ ताडकन उठला. ताटात हात धुतले, म्हणजे आता उद्यापर्यंत अन्न नाही.

"बाबा, हे काय केलंत? उपाशी राहिलात! हे घ्या ना, हे सगळं तुमचंच..."

"माझं असतं तर माझ्या ताटात राहिलं असतं. जेव तू."

शेठनं समोरच्या भाकरीकडं पाहिलं. घास काही उचलवेना.

"बाई," तो खाली बघत म्हणाला, "दिवाळीआधी होतं तेवढंच भाडं दे. गाळा तुझाच."

दुसरी असती तर पाया पडून घरी गेली असती. द्वारकाबाईनं पदर खोचला.

"आणि वीज?"

"...बोर्डाच्या दरानं."

"न्हाव्याला? इस्त्रीवाल्याला?"

शेठनं पत्रावळ दूर सारली. ओसरीवरच्या चिमण्या भाताशी आल्या.

"अकराही गाळ्यांना," शेठ म्हणाला.

"मग उद्यापासून थाळी नव्वद!" ती एवढ्या मोठ्यानं बोलली की चिमण्या उडाल्या. "सिलिंडरचा मालक दिल्लीला बसलाय, तिथं माझा हात पोचत नाही. गल्लीतला तरी सरळ झाला!"

डबा उचलून ती निघाली. आज तिची चाल घोड्यावर बसल्यासारखी होती.

पायरीवर तिला मागून शेठचा रडवेला आवाज ऐकू आला. "बाबा, वीस वर्षं तुमच्या पायाशी बसतोय. कधी सांगितलं का नाहीत?"

"पायाशी बसणाऱ्याला ताटातलं दिसत नाही, हिरामण."